पेन्शन, आरोग्य योजना आणि सरकारी खर्च : तलावपाळीच्या बाकावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या तलावपाळीला रोज संध्याकाळी आमची दहा-बारा जणांची बैठक जमते. मी एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत एकतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी पेन्शन केसेस तयार करण्यात गेली, त्यामुळे हा विषय निघाला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. पूर्वी लोक विचारायचे, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आला का, फरक कधी जमा होणार. हल्ली विचारतात, सरकार पेन्शनला कात्री लावणार का, पाच लाखांचं कार्ड खरंच चालतं का. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहिली आहेत.

एक आधीच सांगते. मी स्वतः जुन्या पेन्शनवर आहे. सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, २०१० ला लागली, म्हणजे नव्या योजनेत. मुलगा महापेला खासगी कंपनीत, त्याची पीएफची पेन्शन. एका छताखाली म्हातारपणाचे तीन कायदे नांदतात, त्यामुळे यातली कुठलीच बाजू मला परकी नाही.

पेन्शनचा खर्च आवरा असं सरकार का म्हणतं? तिजोरी रिकामी झाली का?

रिकामी नाही, पण हात बांधलेले आहेत. महाराष्ट्राच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पी अंदाजात महसुली जमेच्या शंभर रुपयांतले साधारण ५८ रुपये पगार, पेन्शन आणि कर्जावरचं व्याज यांतच जातात. त्यातले पंधराएक पेन्शनचे. उरलेल्यात शाळा, रस्ते, पाणी, दवाखाने, सगळं.

मूळ दुखणं असं की जुन्या पेन्शनसाठी कधी पैसा बाजूला ठेवलाच नव्हता. कर्मचाऱ्याच्या पगारातून कपात नाही, सरकारचाही वेगळा निधी नाही. आज जो कर गोळा होतो त्यातून आजची पेन्शन द्यायची. माणसं साठीनंतर फार जगत नव्हती तोवर हे निभलं. आता साठी गाठलेला माणूस सरासरी आणखी अठरा वर्षं जगतो, आणि त्याच्यामागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहतं. माझ्या टेबलावर अशाही केसेस आल्या की नोकरी एकोणतीस वर्षांची आणि पेन्शन, नवऱ्याची नि मागून बायकोची मिळून, पस्तीस वर्षांची. त्यात कुणाचं काही चुकलेलं नव्हतं. नियमच तसा होता आणि पुढचा हिशेब कुणी मांडला नव्हता.

जुनी पेन्शन, एनपीएस आणि यूपीएस यांत नेमका फरक काय?

सुनेच्या शाळेत हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला की एकदा मी खडू घेऊन फळ्यावरच लिहून दाखवलं.

जुनी पेन्शन म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, त्यावर महागाई भत्ता, आणि वेतन आयोग आला की त्यातही वाढ. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून नव्याने लागलेल्यांसाठी (सैन्यदलं सोडून) ती बंद झाली, आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून. राज्यात तिच्या जागी आधी डीसीपीएस (परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना) आली आणि पुढे ती एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, गेली.

एनपीएसमध्ये मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून समजा १,००,००० रुपये असतील तर कर्मचाऱ्याचे १०,००० कापले जातात. सरकारचा वाटा आधी तेवढाच होता, २०१९ पासून तो १४ टक्के, म्हणजे १४,००० झाला. हा पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतले ६० टक्क्यांपर्यंत हातात मिळतात आणि किमान ४० टक्क्यांची अॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून मिळणारी मासिक रक्कम, घ्यावीच लागते. ५० लाख जमले असं धरा. त्यातले २० लाख अॅन्युइटीत गेले आणि सहा टक्के दर मिळाला, तर महिन्याला १०,००० रुपये. पुढच्या वर्षीही १०,०००, वीस वर्षांनंतरही १०,०००. महागाई भत्ता नाही. फळ्यावर हा आकडा लिहिला तेव्हा वर्गात कुणी बोलेना. १,००,००० च्या पगारावर घर चालवणारी ती माणसं होती.

यूपीएस, म्हणजे एकीकृत निवृत्तिवेतन योजना, या दोन्हींच्या मधली आहे. केंद्राने ती २४ ऑगस्ट २०२४ ला मंजूर केली, दुसऱ्याच दिवशी आपल्या राज्य मंत्रिमंडळाने स्वीकारली, आणि केंद्रात १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. केंद्राच्या नियमांप्रमाणे पंचवीस वर्षं सेवा झाली असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाई सवलत. सेवा दहा ते पंचवीस वर्षांच्या मधली असेल तर त्या प्रमाणात, पण दहा वर्षं पूर्ण असतील तर १०,००० हून कमी नाही. कुटुंबाला त्या पेन्शनच्या ६० टक्के. शिवाय एकरकमी पैसे मिळतात ते वेगळे: दर सहा महिन्यांच्या सेवेला पगार आणि भत्त्याचा दहावा हिस्सा. वरच्याच उदाहरणात तीस वर्षं सेवा म्हणजे साठ सहामाह्या, दर सहामाहीला १०,०००, एकूण ६ लाख.

कर्मचाऱ्याची कपात १० टक्केच राहते, सरकारचा वाटा १८.५ टक्क्यांवर जातो. हमी मिळते, पण साठलेला निधी त्या पेन्शनच्या बदल्यात सोडावा लागतो. मुलांसाठी मागे काही ठेवायचं असेल तर हा मुद्दा नीट तपासा. विकल्प देण्याआधी आपल्या खात्याला लागू असलेला शासन निर्णय स्वतः वाचा. राज्य आणि केंद्राच्या अटी शब्दशः सारख्या आहेत असं धरून सही करू नका.

मग सगळ्यांना जुनीच पेन्शन परत का देत नाहीत?

मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभरातले कर्मचारी १४ तारखेला संपावर गेले, २० तारखेला संप मिटला. सूनही गेली होती. तिला मी अडवलं नाही, कारण तिची तक्रार खरी होती. डीसीपीएसच्या सुरुवातीच्या वर्षांत तिच्या पगारातून कपात वेळच्या वेळी झाली, पण सरकारचा वाटा किती जमा झाला, व्याज किती, याची स्लिप मिळायला वर्षानुवर्षं लागली. ज्या योजनेत स्वतःच्या पैशाचा हिशेब मिळत नाही तिच्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

तरीही सरसकट जुनी पेन्शन परत आणण्याच्या बाजूने मी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्या वेळचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत १,१०,००० कोटी रुपयांच्या बोज्याचा आकडा दिला होता. राजकीय नेत्याचा म्हणून तो बाजूला ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या अभ्यासलेखाचं म्हणणं असं की सगळी राज्यं जुन्या पेन्शनवर परतली तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो. आणि तो आज दिसत नाही, हाच धोका. २००५ नंतर लागलेली माणसं मोठ्या संख्येने २०३५ च्या पुढे निवृत्त होतील. आज जाहीर करणाऱ्याला फुकट कौतुक, बिल मात्र माझ्या नातीच्या पिढीला. राजस्थान, पंजाब, हिमाचलसारख्या राज्यांनी परतीचा निर्णय घेतला, पण दरवर्षी पैसा बाजूला ठेवण्याची सोय केल्याशिवाय अशा निर्णयाला मी सुधारणा म्हणणार नाही.

मला यूपीएसची दिशा पटते. वचन द्या, आणि ज्या महिन्यात वचन दिलं त्याच महिन्यात त्याचे पैसेही बाजूला काढा.

माझी चालू असलेली पेन्शन सरकार कमी करू शकतं का?

मनात आलं म्हणून नाही. १७ डिसेंबर १९८२ च्या नाकरा खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिशी नाही. १७ डिसेंबरला पेन्शनर्स डे पाळतात तो याचसाठी. महागाई भत्त्याची वाढ मात्र पुढे ढकलली जाऊ शकते. कोविडच्या काळात केंद्राने तीन हप्ते गोठवले होते, ते आठवत असेल.

लाडकी बहीणमुळे आमची पेन्शन अडणार का?

त्या योजनेसाठी २०२४ च्या अर्थसंकल्पात वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद सांगितली गेली. तिजोरी एकच असल्यामुळे ताण येतोच. पण पेन्शनरांनी १,५०० रुपये घेणाऱ्या बाईकडे बोट दाखवावं हे मला बरं वाटत नाही. आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मावशींना म्हातारपणी दुसरी कसलीही पेन्शन नाही.

निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं तर पैसे वाचतील ना?

दोन वर्षं ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे पुढे जातील, तेवढाच श्वास. त्या दोन वर्षांत सर्वांत वरच्या टप्प्यावरचा पगार मात्र द्यावा लागेल आणि भरतीसाठी अभ्यासिकेत बसलेली मुलं आणखी दोन वर्षं बसून राहतील. डॉक्टर, परिचारिका, तांत्रिक पदं अशा जिथे माणूसच मिळत नाही तिथे जरूर करावं. सरसकट करण्यात मला मोठी बचत दिसत नाही.

मी कारखान्यात होतो. माझी पेन्शन १,००० रुपये का?

हा प्रश्न वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातून सतत येतो, आणि सगळ्या चर्चेत मला हाच सर्वांत जास्त छळतो.

पीएफची पेन्शन, म्हणजे ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना), ही १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची योजना. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के तिच्यात जातात, पण कमाल १५,००० रुपयांच्या पगारावरच, म्हणजे महिन्याला १,२५०. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. तीस वर्षं पूर्ण १५,००० वर धरली, त्यात वीस वर्षांहून जास्त सेवेची दोन वर्षांची सवलत मिळवली, तर १५,००० गुणिले ३२ भागिले ७०, साधारण ६,८५७ रुपये. प्रत्यक्षात एवढी फार थोड्यांना मिळते, कारण सप्टेंबर २०१४ च्या आधी मर्यादा ६,५०० होती आणि कित्येकांची कंपनी मध्येच बंद पडली. पन्नाशीत गरज पडली म्हणून लवकर पेन्शन घेतली तर दर वर्षामागे चार टक्के कापले जातात. किमान पेन्शन १,००० ठरली ती सप्टेंबर २०१४ मध्ये. महागाई भत्ता नाही.

आमच्या बैठकीत एक काकू येतात. नवरा वागळेतल्या एका कारखान्यात फिटर होता, कारखाना बंद पडला, मग तोही गेला. त्यांना विधवा पेन्शन १,००० रुपये मिळते. एकदा त्यांच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी पडली. मी उचलून दिली तर प्रत्येक गोळी मधोमध मोडून परत कागदात गुंडाळून ठेवलेली. रक्तदाबाची गोळी रोज एक घ्यायची होती, त्या अर्धी घेत होत्या. म्हणाल्या, "ताई, महिना पुरवायचा असतो ना."

माझं मूळ वेतन निम्मं झालं तरी त्याला महागाई भत्त्याचा टेकू आहे. काकूंच्या हजार रुपयांना कसलाच नाही, आणि खर्च आवरण्याची चर्चा सुरू झाली की त्यांचं नाव कुठल्याही रकान्यात येत नाही. किमान रक्कम वाढवायला पैसा लागेल, हे मला कळतं. तो आधी इथे लागावा असं माझं ठाम मत आहे, आमच्यासारख्यांच्या पुढच्या वेतन आयोगाआधी.

श्रावणबाळ योजनेत किती मिळतात?

वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत, तर महिन्याला १,५०० रुपये. जुलै २०२३ च्या आधी १,००० होते. यात केंद्राचा वाटा असतो तो ८० वर्षांखालच्यांसाठी २०० रुपये, ८० नंतर ५००. अर्ज तहसील कार्यालयात, सेतूमार्फत. उत्पन्नाची ती मर्यादा म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. ठाण्यात एका घराने ५८ रुपयांत दिवस काढायचा ही अट प्रामाणिक माणसाला खोटा दाखला काढायला लावते. काटकसर अशा अटींतून होत नाही.

राज्य सरकारच्या पेन्शनरला दवाखान्याचं बिल परत मिळतं का?

नोकरीत असताना वैद्यकीय प्रतिपूर्ती होती. जिल्हा शल्यचिकित्सकांकडून बिल तपासून घ्यायचं, मग मंजुरी. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून ती नाही. केंद्राच्या पेन्शनरांना सीजीएचएस ही केंद्र सरकारची आरोग्य योजना आहे, तशी सोय राज्यात नाही. म्हणजे शरीर थकायला लागतं त्याच वयात छत्र निघून जातं. त्यामुळे पुढच्या दोन योजना नीट समजून घ्या.

पाच लाखांचं कार्ड कोणाला मिळतं? ते खरंच चालतं का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुळात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. पूर्वी पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट होती आणि मर्यादा १.५ लाख. २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डवाल्यांसह सगळी कुटुंबं आत आली आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख झाली.

दुसरं आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आधारवरच्या वयाच्या आधारे मिळतं. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर ज्येष्ठांसाठी वेगळे ५ लाख. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. सीजीएचएसवाल्यांना मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं.

चालतं का, याचं उत्तर: रुग्णालय योजनेत असेल, उपचार यादीत असेल आणि तुम्ही दाखल झाला असाल, तर चालतं. रुग्णालयात शिरल्याबरोबर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाचं, टेबल गाठा आणि पूर्वमंजुरी घ्या. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एका काकांना नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. दाखल करताना खिडकीवर सांगितलं, "आधी ४०,००० भरा, योजनेचं नंतर बघू." मुलाने घाबरून भरले. नंतर योजनेत बसवायला गेले तर म्हणे रोख भरलेत, आता होत नाही. योजना रोखरहित आहे. पैसे मागितले तर त्याच क्षणी आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार द्या, पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

आरोग्यावरचा सरकारी खर्च कुठे कमी करता येईल?

काकूंची ती मोडलेली गोळी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. अर्ध्या गोळीने रक्तदाब आटोक्यात राहत नाही. काही वर्षांत मूत्रपिंडं थकतात, मग डायलिसिस, आठवड्यातून दोन-तीनदा, जन्मभर. डायलिसिसचा खर्च योजना उचलते. गोळीचा उचलत नाही, कारण पाच लाखांत बाह्यरुग्ण विभाग नाही. पन्नास-शंभर रुपयांची पट्टी वाचवून आपण लाखांचं बिल ओढवून घेतो, वर माणूसही गमावतो.

म्हणून बचत शोधायची तर ती 'आपला दवाखाना' नावाच्या सरकारी मोफत दवाखान्यांत आणि पालिकेच्या आरोग्य केंद्रांत आहे. तिशीनंतर प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासणी, आणि गोळ्या महिन्याच्या एकदम, एकही फेरी वाया न जाता. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाले, ठाण्याचं सिव्हिल त्यात येतं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं पालिका रुग्णालय त्या निर्णयात नाहीत, ती महापालिकांची आहेत. गरीब माणसाला हा फरक कुणी समजावून सांगत नाही.

देशभराचा हिशेब पाहा: आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९ वर आला. मोठी सुधारणा आहे. पण सरकारचा खर्च २०२१-२२ मध्ये जीडीपीच्या १.८४ टक्केच होता, आणि २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. एवढ्याशा रकमेला कात्री लावायला जागाच नाही. रुग्णालयाने योजनेच्या बिलात जे ऑपरेशन दाखवलं ते खरंच झालं का, याची तपासणी मात्र जितकी कडक होईल तितकी हवी.

मुलगी अमेरिकेत आहे. ती म्हणते तिथेही हेच चाललंय. खरं का?

खरं. तिथे सोशल सिक्युरिटी १९३५ पासून आणि मेडिकेअर १९६५ पासून आहे, दोन्हींसाठी पगारातून कपात होते. तिथल्या विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार निवृत्तांच्या निधीची गंगाजळी २०३३ मध्ये संपेल आणि काहीच केलं नाही तर ठरलेल्या रकमेतले ७७ टक्केच देता येतील. त्यांनी १९८३ मध्ये केलेली एक गोष्ट मला फार आवडते. पूर्ण पेन्शनचं वय ६५ वरून ६७ केलं, पण ६७ ची अट लागली ती १९६० पासून पुढे जन्मलेल्यांना. कायदा झाला तेव्हा त्यांतली सर्वांत मोठी मुलं २३ वर्षांची होती. तयारीला चाळीस वर्षं दिली. आपल्याकडे ३१ ऑक्टोबर २००५ चा शासन निर्णय निघाला आणि दुसऱ्या दिवशी नियम बदलला. त्या आठवड्यात रुजू झालेल्या पोरांचे चेहरे मला आठवतात. भरतीची जाहिरात जुन्या काळातली, नेमणूक नव्या. अशांना जुनी पेन्शन निवडण्याची मुभा द्यायला २०२४ उजाडलं.

हयातीचा दाखला कसा द्यायचा? बोटांचे ठसे उमटत नाहीत.

नोव्हेंबरात दाखला न दिल्यास पेन्शन थांबते. मयत माणसाच्या नावावर पैसे जात राहू नयेत म्हणून हे लागतंच, आणि त्यातून सरकारचा पैसा वाचतो. पण कोपरीच्या एका आजींची पेन्शन गेल्या वेळी तीन महिने अडली होती. वय ८६, आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेषा पुसलेल्या. बँकेत यंत्रावर दहाही बोटं ठेवून झाली, ठसा येईना, खिडकीवरची मुलगी म्हणाली उद्या या. उद्या म्हणजे पुन्हा रिक्षा, पुन्हा जिना.

जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला, यात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय २०२१ पासून आहे. साध्या अँड्रॉइड फोनवर होतं, आधार आणि पीपीओ क्रमांक जवळ ठेवा. आपल्या बँकेला आणि कोषागाराला तो चालतो ना, एवढं विचारून घ्या. ८० च्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. आजींना मी खिडकीजवळ उजेडात बसवलं, चष्मा काढायला लावला, डोळे मिटा-उघडा म्हटलं. तिसऱ्या प्रयत्नात हिरवी खूण आली. थकलेल्या तीन महिन्यांचे पैसे पुढच्या महिन्यात एकदम जमा झाले, आणि त्या दिवशी आजी पासबुक घेऊन तलावपाळीला आल्या, मला ती ओळ मोठ्याने वाचून दाखवायला सांगितली.